पाखातलं सामान

पाखाचे पंधरा दिवस लोक नवं काही घेत नाहीत आणि नवं काही सुरूही करत नाहीत, हे आमच्या रस्त्यावर मोठं दुकान काढणाऱ्या मालकाला कुणी सांगितलं नसावं. किंवा सांगितलं असेल, आणि त्यानं ते मागासलेपणाच्या खात्यात टाकलं असेल. उद्घाटन ऐन पितृपक्षात झालं. फीत कापणारे पुढारी चांगले उशिरा आले आणि आल्याबरोबर म्हणाले, की हे दुकान म्हणजे जालन्याच्या विकासातलं सोनेरी पान आहे. सोनेरी पानाच्या आत गारेगार हवा होती, ढकलायच्या गाड्या होत्या, आणि छतात दडवलेल्या कर्ण्यातून सनई वाजत होती. लग्नातली सनई. पाखात. समोरच्या घरातल्या म्हातारबुवांनी खिडकी लावून घेतली.

मीही गेले होते. सरबत फुकट होतं.

डाळींच्या रांगेच्या टोकाला एक पाकीट दिसलं. वर लिहिलं होतं, ‘संपूर्ण श्राद्ध संच’. आत काळे तीळ, दर्भ, सुपाऱ्या, कापूर, तांदळाची पुडी, दोन द्रोण. बाहेर रंगीत चित्र. आजी, आजोबा, मुलगा, सून, नातू, सगळे दात दाखवून हसत होते. यांतलं नेमकं कोण वारलं आहे, ते कळायला मार्ग नव्हता.

माझ्या पुढे एक तरुण माणूस उभा होता. डोक्यावर नुकते कुठं केस फुटू लागलेले, म्हणजे घरातलं दुःख ताजं. त्यानं तोच संच घेतला. गल्ल्यावरच्या मुलीनं तो चकचकीत पिशवीत घातला आणि शिकवल्याबरहुकूम म्हणाली, “थँक्यू सर, पुन्हा अवश्य या.” पिशवीवरही तेच छापलं होतं, लाल अक्षरात. तो माणूस त्या अक्षरांकडे थोडा वेळ बघत राहिला. मग छापील बाजू अंगाकडे करून, पिशवी काखेत दाबून निघून गेला.

मुलीची काही चूक नव्हती. तिला सगळ्यांना एकच वाक्य म्हणायला सांगितलं होतं. पण मला आमचे किराणावाले अप्पा आठवले.

मी केदारखेड्याहून लग्न होऊन नवीन जालन्यात आले तेव्हा जिल्हा नुकताच झाला होता. औरंगाबादेतून सुटल्याचा आनंद एवढा, की जो तो आपल्या पाटीवर ‘जिल्हा’ लिहून घेत होता. आमच्या कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं दोन खुर्च्या आणि एका तडकलेल्या आरशाच्या जोरावर ‘जिल्हा केशकर्तनालय’ काढलं होतं. अप्पांच्या किराणा दुकानावर मात्र पाटीच नव्हती. एकदा एक रंगारी त्यांना पटवायला आला, तर त्याला म्हणाले, “ज्याला ठावं हाय त्यो येतो. ज्याला ठावं न्हाई त्याला पाटी वाचून काय कळणार, की इथं गूळ चांगला मिळतो?”

स्टेशनच्या मागच्या बोळात आमची भाड्याची खोली, आणि बोळाच्या तोंडाशी हे दुकान. पुढे रुंद फळी, फळीमागे गादी, गादीवर अप्पा, आणि अप्पांच्या मागे छतापर्यंत डबे आणि बरण्या. वरून सुतळीचं रीळ लोंबायचं. हिंग, गूळ, नवं पोतं आणि धुण्याचा साबण यांचा मिळून जो एक वास होतो, तो नाकात शिरला की पहिल्यांदा जीव घाबरतो आणि आठवडाभरात त्याच्यावाचून करमत नाही. मी तेव्हा बियाण्याच्या एका कंपनीत पत्रं टाइप करायची. अप्पांना त्याची फार गंमत वाटे. “म्याडम, तुमच्या कंपनीचं बी रानात उगवतं का कागदावरच उगवून राह्यलंय?” असं ते चार गिऱ्हाइकांसमोर विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता जिरं तोलायला लागायचे. जिरं बांधून यायचं ते कुठल्या तरी शाळेच्या उत्तरपत्रिकेत. माझ्या पेटीत पातळांपेक्षा पुस्तकं जास्त होती, तरी त्या पुड्यांचे कागद मी सपाट करून वाचायचे. एका मुलानं पावसाच्या फायद्यांमध्ये ‘शाळेला सुट्टी मिळते’ असं लिहिलं होतं आणि गुरुजींनी त्याला शून्य दिलं होतं. मला तो गुरुजींचा अन्याय वाटला.

अप्पा प्रत्येकाला ‘या’ म्हणत. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. त्याला दुकानदारानं ‘या’ म्हणायचं. यात विशेष काही नाही. अप्पांचं ‘या’ मात्र सामानागणिक बदलायचं. सणाच्या सामानाला लांबलचक, उधारीवाल्याला आखूड, आणि माझ्यासारख्या पावशेर साखरवालीला “या, म्याडम, कंपनीतून वेळ मिळाला तर.” फक्त दोन सामानांना ‘या’ नसे. एक मयताचं आणि दुसरं पित्राचं. ते देताना अप्पांचं बोलणं थांबे. पुडा गिऱ्हाइकाच्या हातात न देता ते फळीवर ठेवत आणि तोंड मागच्या डब्यांकडे फिरवत. गिऱ्हाईकही ‘येतो’ न म्हणता पुडा उचलून चालू लागे. दुःखाच्या घरून उठताना आपण ‘येतो’ म्हणत नाही, तीच ही रीत. अप्पांनी ती दुकानाला लावली होती.

मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, “मिठाला या म्हणावं, साखरेला या म्हणावं. तिळाला कसं म्हणावं, म्याडम? पुन्हा यावंच लागलं तर?”

मी असल्या गोष्टी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते. पण त्या उत्तरापुढे मला माझी सगळी पुस्तकं जरा हलकी वाटली होती हे खरं.

बोळातल्या माणसांची खबर अप्पांना सामानावरून लागायची. एखाद्या घरी साबुदाणा वाढला की आजार, डिंक आणि खारीक वाढली की बाळंतीण, एकाच दारातून दोन सुनांनी वेगवेगळं मीठ नेलं की वाटण्या. लीलाकाकू म्हणून आमच्या शेजारीण होत्या, बोळाचं वर्तमानपत्रच म्हणा ना. त्यासुद्धा आपल्या बातम्या पक्क्या करून घ्यायला अप्पांकडे येत. अप्पा काही सांगत नसत. नुसते एखाद्या डब्याकडे बघत, आणि लीलाकाकूंना पुरेसं होई.

मरणाची बातमी इतरत्र रडण्यानं कळते. दुकानात ती एखादी वस्तू थांबण्यानं कळायची. बोळात एक निवृत्त मास्तर होते. घसा धरायचा म्हणून त्यांना ज्येष्ठमध लागे, आणि आख्ख्या बोळात ज्येष्ठमध नेणारे ते एकटेच. ते गेले. बरणी तशीच राहिली, अर्धी भरलेली. अप्पा दर शनिवारी ती पुसून जागेवर ठेवायचे. “आता ही कोण नेणार, अप्पा?” असं मी विचारलं, तर म्हणाले, “नेणार कोण? मास्तरांची हाय ती.” अशा आणखी बरण्या होत्या. एकीतला ओवा कुणा म्हातारीचा होता, एका डब्यातली भगर अशा बाईची होती जी सोमवारचे उपास करता करताच गेली. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी, आत अंधार आणि बाहेर उजेड अशा वेळी फळीपुढे उभं राहिलं, की मागच्या मांडणीवर ही सगळी माणसं गप्प बसून आहेत आणि आपला नंबर लागायची वाट बघताहेत असं वाटायचं. मी चहापत्ती घेऊन लवकर निघायचे.

सुभद्रावहिनींची वस्तू मात्र चालू होती.

सुभद्रावहिनी बोळाच्या मधोमध राहायच्या, ब्लाउज शिवायच्या. त्यांचे यजमान, दिगंबर, मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्याची लॉरी चालवायचे. मी येण्याच्या बऱ्याच आधी ते पेंड भरून इंदूरकडे गेले. लॉरी रस्त्याकडेच्या एका ढाब्यापाशी उभी सापडली. माल जागेवर, किल्ली जागेवर, गाडीत वहाणांचा जोड. माणूस नाही. पोलीस झाले, देवऋषी झाले, ढाबेवाल्याच्या पाया पडून झालं. माणूस नाही तो नाहीच. पोरबाळ नव्हतं. वहिनी त्याच खोलीत राहिल्या, कारण यजमानांना यायचं झालं तर ते इथंच येणार.

दर सोमवारी त्या अप्पांकडे येऊन तंबाखूची एक पुडी न्यायच्या. घरात पुरुष नाही आणि तंबाखूची पुडी, एवढं लीलाकाकूंना वर्षभर पुरलं. “त्यांच्या नावावर स्वतःच लावती दाताला, दुसरं काय!” एकदा हे फळीपाशीच वहिनींच्या कानावर पडलं. त्या रागावल्या नाहीत. पुडी पुढे करून म्हणाल्या, “काकू, घ्या की चिमूटभर. लाजता काय?” लीलाकाकूंना त्या दिवशी अचानक दूध उतू गेल्याचं आठवलं.

खरं काय ते मला वहिनींनीच सांगितलं, माझ्या ब्लाउजचं माप घेताना. “ताजी पुडी लागती त्यांना. शिळी चालत न्हाई. मंग सोमवारी नवी आणायची आन् मागची त्या स्टेशनवरल्या हमालाला द्यायची.” तोंडात टाचण्या धरून त्या हे बोलत होत्या, आणि ‘लागती’ म्हणत होत्या. ‘लागायची’ नाही.

त्यांचं कुंकूही अप्पांकडूनच जायचं. नाण्याएवढं, गोल, ठसठशीत. बोळातल्या निम्म्या बायका त्या कुंकवाकडे बघून न बघितल्यासारखं करायच्या.

दरवर्षी पाख आला की तो एक प्रश्न बोळात यायचा. पाखाची हवाच तशी असते. पाऊस संपल्यासारखा आणि न संपल्यासारखा. दुपारचं ऊन अंगाला चिकटतं, पत्रे तापतात, भिंतींच्या पायथ्याला मात्र हिरवी ओल असते. कावळ्यांना कुठून कळतं कोण जाणे. एरवी कचऱ्यावर भांडणारे कावळे त्या पंधरा दिवसांत पाहुण्यांसारखे पत्र्यावर येऊन बसतात. कुणाच्या घरी कोणत्या तिथीला पित्र आहे, ते तळणीच्या वासावरून कळे. आज या घरचे वडे, उद्या त्या घरचे भजे. मेलेल्या माणसांचा असा रोज एकेक घरी मुक्काम असायचा. आणि मधल्या एका खोलीतून कधीच वास यायचा नाही.

राजूरहून वहिनींचे दीर यायचे, मधुकरराव. शेती करायचे. अंगात पांढरा सदरा, डोक्याला टोपी, हातात मुगाची नाहीतर उडदाची पिशवी. भावजयीला त्यांनी कधी रिकाम्या हातानं तोंड दाखवलं नाही. माणूस वाईट नव्हता, हीच सगळी अडचण होती. वाईट माणसाला ‘नाही’ म्हणणं सोपं असतं.

एका पाखात ते अप्पांच्या फळीवर टेकून बोलत होते, आणि मी गव्हातले खडे बघत असल्याचं दाखवत ऐकत होते.

“अप्पा, बाबाचा घास ठेवतो, तर कावळा शिवत न्हाई. लिंबावर येतो, बसतो, पाहतो आन् उडून जातो. दोन-तीन साल झाले. बाबाला कुणी जेवू देत न्हाई. कोण आडवं बसलंय? दादाच की! त्याला कुणी घास दिला न्हाई, मंग तो दुसऱ्याला कसा जाऊ दील?”

अप्पा तराजूचं पारडं पुसत होते.

“सपनात येतो. उंबऱ्यात बसतो. जेवलास का म्हणलं, तर तोंड फिरवतो. भुकेला माणूस हाय तो, अप्पा. माझा भाऊ हाय.”

मधुकररावांचा आवाज फाटला होता. तेवढ्यात मागून सुभद्रावहिनी म्हणाल्या, “भाऊजी, जिता माणूस उंबऱ्यात बसू न्हाई का?” त्या केव्हा आल्या होत्या कुणास ठाऊक.

प्रश्न असा होता. सर्वपित्री अमावस्येला दिगंबररावांच्या नावानं घास ठेवला, की ते मेले. त्याला डॉक्टरचा दाखला लागत नाही. दहा माणसं जेवून उठली की झालं. मग वहिनींचं कुंकू जाणार, बांगड्या जाणार, सोमवारची पुडी जाणार. आणि घास ठेवला नाही, तर मधुकररावांचा भाऊ उंबऱ्यात उपाशी बसून राहणार. मी कुणाच्या बाजूनं होते ते मला आजही सांगता येत नाही. मी कशावरच विश्वास ठेवत नव्हते, त्यामुळे मला बाजू घ्यायचा हक्कही नव्हता.

मग एका वर्षी मधुकररावांचं धाकटं पोरगं तापानं झोपलं. ताप उतरेना. त्या पोरावर वहिनींचा जीव होता. त्याच्या अंगातली प्रत्येक बंडी त्यांच्या हातची होती. मधुकररावांनी या वेळी वाद घातला नाही. नुसते येऊन खोलीच्या दारात बसून राहिले. वहिनी म्हणाल्या, “ठेवा घास.”

अमावस्येच्या आदल्या दिवशी, चारच्या सुमाराला, दोघं दीर-भावजय अप्पांकडे आली. मी चहापत्तीला थांबले होते, लीलाकाकू कशाला थांबल्या होत्या ते त्यांनाच माहीत. वहिनींच्या डोक्यावर पदर होता. कुंकू होतं, अजून एक दिवसाचं.

“काय देऊ?” अप्पांनी विचारलं. वहिनींना नाही, मधुकररावांना.

“पित्राचं द्या. तीळ काळे. तांदूळ, उडदाची डाळ, गूळ.”

“कुणाचं पित्र?”

सगळ्यांना माहीत होतं. तरी अप्पांनी विचारलं. मधुकरराव म्हणाले, “बाबाचं. आन् दादाचं.”

अप्पांनी तोलायला सुरुवात केली. एरवी त्यांचा हात झपाझप चाले, त्या दिवशी काटा स्थिर व्हायलाच तयार नव्हता. तीळ तोलले, पुडी बांधली. डाळ तोलली. गुळाचा खडा फोडला, त्याचा आवाज फार मोठा झाला. वरचं रीळ फिरत होतं. कुणी बोलत नव्हतं. लीलाकाकूसुद्धा नाहीत, यावरून काय ते समजा. शेवटी सगळ्याचा एक पुडा झाला. अप्पांनी तो फळीवर ठेवला. आता त्यांनी डब्यांकडे तोंड फिरवायचं होतं.

“या, वहिनी,” अप्पा म्हणाले.

लीलाकाकूंचा हात तोंडावर गेला. अप्पांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. मधुकरराव जवळजवळ ओरडलेच, “अप्पा! काय बोलून राह्यले तुमी?”

वहिनी पुड्याकडे बघत होत्या. मग त्यांनी अप्पांकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी तो पुडा फळीवरून परत अप्पांकडे सरकवला.

“भाऊजी, अप्पानं या म्हणलं. मयताच्या सामानाला ते या म्हणतात का? कधी ऐकलं तुमी? मंग ह्ये सामान त्यांचं न्हाई.”

“वहिनी, अवो, तोंडातून निसटलं त्यांच्या! रोजची सवय.”

“निसटलं म्हणून तर खरं. ठरवून बोललेलं बिलकुल मानलं नसतं मी.” आणि अप्पांना म्हणाल्या, “अप्पा, सोमवारची पुडी राह्यली होती. ती द्या.”

अप्पांनी तंबाखूची पुडी दिली. “येते, अप्पा,” वहिनी म्हणाल्या, चांगलं मोठ्यानं, बोळाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं. आणि गेल्या.

मधुकरराव बराच वेळ तिथंच उभे होते. शेवटी हळू आवाजात म्हणाले, “मंग बाबापुरतंच द्या.” अप्पांनी पुडा सोडला आणि पुन्हा तोलायला घेतला.

पोरगं पुढच्या आठवड्यात बरं झालं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी, असं माझं मत. बोळात त्यावर आणखी बरीच मतं होती.

त्यानंतर वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं काही नाही. बोळात नळ आला, केबल आली, मोटरसायकली आल्या, न्हाव्यानं तिसरी खुर्ची घेतली. पाख यायचा, मधुकरराव यायचे, मूग ठेवून जायचे, त्या विषयावर बोलायचे नाहीत. वहिनींचे केस पांढरे झाले, कुंकू तेवढंच राहिलं. सोमवार चुकला नाही. स्टेशनवरचा तो हमाल म्हातारा होऊन गावी गेला, तेव्हा त्याच्या जागचा दुसरा पुडीला येऊ लागला. आपण कुणाची तंबाखू खातो आहोत हे त्याला माहीतही नसेल.

अप्पा मात्र बदलले. त्या दिवसानंतर त्यांचं ‘या’ कमी झालं. कुणालाही ‘या’ म्हणण्याआधी ते क्षणभर थांबायचे, जणू आत कुणाला तरी विचारून यायचे. एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं, तेव्हा मी विचारून टाकलं, “अप्पा, त्या दिवशी खरंच निसटलं होतं, की मुद्दाम?”

ते ज्येष्ठमधाची बरणी पुसत होते. पुसत राहिले.

“म्याडम, मुद्दाम म्हणायला मी काय देव हाय? जन्मभर या म्हणून राह्यलो, तोंडाला वळण पडलंय. बैल घराच्या वाटंला लागतो तसं.” मग बरणी ठेवून म्हणाले, “पण निसटलं म्हणूनच झोप येत न्हाई. मुद्दाम म्हणलं असतं तर निदान मला ठावं असतं, मी असं का केलं ते. आता बाई माझ्या एका शब्दावर बसून राह्यली. तो आला न्हाई तर? सगळा जन्म तिनं दाराकडं पाहण्यात घातला, तो कुणामुळं? सोमवारी ती येती तवा मला तिच्या तोंडाकडं पाहवत न्हाई.”

“त्या सुखी दिसतात, अप्पा.”

“तेच तर,” अप्पा म्हणाले.

सुभद्रावहिनी थंडीच्या दिवसांत गेल्या, चार दिवसांच्या दुखण्यानं. दिगंबरराव आले नव्हते. मधुकरराव आले, आणि दाराबाहेर भिंतीला टेकून बसले. आत बायका एकमेकींकडे बघत होत्या. न्हाऊ घालून झालं होतं, आता कपाळाचं काय? पांढरं कपाळ ठेवायचं, की सवाष्णीचा मळवट भरायचा? बाहेर विचारायला कुणाची जीभ उचलेना. शेवटी लीलाकाकूंनी कुंकवाचा करंडा घेतला आणि काही न बोलता वहिनींचं आख्खं कपाळ भरून टाकलं. रडत होत्या आणि भरत होत्या. मी त्यांच्याविषयी जे काही वाईट बोलले होते ते त्या दिवशी मनातल्या मनात मागे घेतलं. मधुकररावांनी खांदा दिला. त्या लाल कपाळाकडे त्यांनी बघितलं की नाही, मला कळलं नाही.

त्यानंतरचा पाख लागला आणि एका सकाळी मधुकरराव अप्पांच्या दुकानात आले. पिशवी आणली होती, रिकामी. आता मूग कुणाला आणणार? मी गूळ घेत होते. अप्पांनी त्यांना पाहिलं आणि न विचारताच तिळाच्या डब्याला हात घातला.

“अमावस्येचं न्हाई, अप्पा,” मधुकरराव म्हणाले. “नवमीचं द्या.”

पाखातली नवमी ही सवाष्ण मेलेल्या बाईची. नवरा मागे ठेवून जी जाते तिचं पित्र त्या दिवशी घालतात, आणि तिच्या नावानं एखाद्या जित्या सवाष्णीला जेवू घालून ओटी भरतात. विधवेचं नवमीला करत नाहीत. अप्पांचा हात डब्यातच राहिला.

“वहिनीचं?”

“वहिनीचं. हिरवा चुडा द्या, हळद-कुंकू द्या. खणाचं कापड आमच्या मालकिणीनं आणलंय.” मग ते माझ्याकडे वळले. टोपी काढून हातात धरली होती. “म्याडम, तुमचं आन् वहिनीचं जमायचं. मालकीण म्हणती, सवाष्ण म्हणून तुमालाच बोलवावं. या की राजूरला. तुमी ह्ये मानत न्हाई, ठावं हाय मला. नुसतं जेवायला या.”

मी आजवर सत्यनारायणाला गेले नाही, मुंजीला आहेर पाठवून मोकळी झाले, आणि हळदीकुंकवाची बोलावणी आली की माझं डोकं ठरलेल्या वेळी दुखतं. मी म्हणाले, “किती वाजता येऊ?”

नवमीला राजूरच्या गाडीत गणपतीला जाणाऱ्यांची गर्दी होती. सगळे काही ना काही मागायला चालले होते, नारळ मांडीवर घेऊन. मी एकटी रिकाम्या हातानं. मधुकररावांचं घर गावाच्या शेवटाला, पुढे अंगण, अंगणात तो लिंब. त्यांच्या पत्नीनं, गोदाबाईंनी, माझे पाय धुतले. मला फार अवघड झालं, पण पाय मागे घेतले नाहीत. ते माझे नव्हतेच त्या दिवशी. कुंकू लावलं, चुडा भरला, ओटीत खण घातला. पाटावर बसवलं. ताट आलं. वडे, कढी, गवारीची भाजी, पुरी, वाटीत खीर. घास अंगणात नेऊन ठेवला होता. कावळ्यानं तो घेतला की नाही, मी वळून बघितलं नाही. मला वाढलं होतं आणि मला जेवायचं होतं.

एकदा तापलेलं ते पोरगं आता मिसरूड फुटलेला गडी झालं होतं. तो पाणी वाढत होता. मधुकरराव उंबऱ्याशी, जरा बाजूला, भिंतीला टेकून उभे होते. उंबऱ्यात कुणी पाय देऊ नये म्हणून राखण करावी तसे.

दुसरी पुरी मोडताना माझ्या लक्षात आलं. वहिनी सवाष्ण गेल्या असं या माणसानं कबूल केलं, म्हणजे त्यानं आणखी काहीतरी कबूल केलं होतं. इतकी वर्षं जो घास ठेवायला तो धडपडत होता, तो आता त्याला कधीच ठेवता येणार नव्हता.

“आणि अमावस्येला?” मी विचारलं.

“अमावस्येला आजाचं, बाबाचं.”

“दिगंबररावांचं?”

मधुकरराव रस्त्याकडे बघत होते. गोदाबाईंच्या हातातली खिरीची पळी थांबली.

“दादाचं कसं करावं, म्याडम?” ते म्हणाले. “दादा यायचाय अजून.”

मग गोदाबाईंनी पातेलं जवळ ओढलं. “खीर घ्या, बाई. तिला आवडायची.”

मी वाटी पुढे केली.